हाकोनेचं फुजिया हॉटेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानची ट्रिप ठरली की ओळखीतले लोक हाकोनेबद्दल विचारतात आणि त्यातले बरेचसे शेवटी फुजियावर येऊन थांबतात, कारण फोटो बघून जीव अडकलेला असतो, रेट बघून धडकी भरलेली असते आणि एवढे पैसे टाकावेत का हे ठरत नसतं. प्रत्येकाला वेगळं वेगळं सांगण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते खाली सारखं सारखं येणार आहे, हे हॉटेल नुसतं झोपायला घेऊ नका. दिवसभर हाकोने पालथं घालून रात्री नऊला पोचायचं आणि सकाळी नाश्ता उरकून पळायचं असं असेल तर हाकोनेत दुसरी शंभर हॉटेलं आहेत, तिथे राहा, पैसे वाचतील. फुजियाला जायचं तर एक अख्खी दुपार आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हॉटेलच्या नावावर लिहून टाका.

हे नक्की आहे कुठे? हाकोने स्टेशनला उतरायचं का?

हाकोने नावाचं एक गाव आणि एक स्टेशन असं काही नाहीये, पहिला गोंधळ इथेच होतो. डोंगरात पसरलेली गरम पाण्याच्या झऱ्यांची बरीच छोटी छोटी गावं मिळून हाकोने होतं, पायथ्याला युमोतो, मग तोनोसावा, ओहिरादाई, मियानोशिता, गोरा, पलीकडे सेंगोकुहारा, तलावाकाठी मोतो-हाकोने. कानागावा प्रांतात येतं हे सगळं. फुजिया मियानोशिताला आहे, हायाकावा नदीच्या खोल दरीच्या कडेला, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या माथेरान-महाबळेश्वरपेक्षा उंचीला कमीच, पण थंडी चांगली असते, हिवाळ्यात बर्फही पडतो. हॉटेलच्या अगदी दारावरून नॅशनल रूट १ जातो, जुन्या तोकाइदोचा, म्हणजे एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या जुन्या हमरस्त्याचा, आजचा वारस म्हणा हवं तर, पण मूळ तोकाइदोची पायवाट वेगळ्या दरीतून जायची.

किती जुनं आहे? कोणी काढलं?

१८७८ सालचं. यामागुची सेन्नोसुके नावाचा तरुण १८७१ मध्ये अमेरिकेला गेला, तिथे काबाडकष्ट केले, परत आल्यावर त्याच्या डोक्यात बसलं की परदेशी लोकांसाठी हॉटेल काढायचं. मियानोशिताला गरम पाण्याच्या झऱ्यावरची एक जुनी सराई होती ती त्याने घेतली आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीचं हॉटेल सुरू केलं. तेव्हा वय सत्तावीस. आणि तिथे काय होतं तर काही नव्हतं, म्हणजे झरे होते, जपानी सराया होत्या, पण पाव, मांस, दूध, पलंग, खुर्च्या, सगळंच बाहेरून आणायचं आणि तेही डोंगर चढवून. योकोहामाला राहणारे गोरे व्यापारी आणि वकिलातीतले लोक यायचे, ते खुर्चीच्या पालखीत बसून चार माणसांच्या खांद्यावरून वर यायचे.

१८८३ च्या आगीत गावासकट हॉटेल जळून खाक झालं. पाच वर्षांत राख. सेन्नोसुकेने परत उभं केलं, आणि पाहुणे यायचे तर आधी रस्ता पाहिजे म्हणून तोनोसावापासून मियानोशितापर्यंत सुमारे ७ किलोमीटरचा रस्ता बांधायला घेतला, १८८७ ला तो झाला आणि खर्च वसूल करायला त्यावर टोल लावला. आज आपण बसमधून पंधरावीस मिनिटांत जी वळणं चढतो ती एका हॉटेलवाल्याच्या हट्टातून झालेली आहेत. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

जपानी लोकांना इथे प्रवेश नव्हता हे खरं का?

काही वर्षांपुरतं खरं आहे, पण वाटतं तशी ती भेदभावाची गोष्ट नाही. गावात नाराया नावाची खूप जुनी सराई होती, तीही परदेशी पाहुणे घ्यायला लागली आणि दोघांची जीवघेणी स्पर्धा सुरू झाली. शेवटी १८९३ मध्ये दोघांनी बसून करार केला, फुजियाने फक्त परदेशी पाहुणे घ्यायचे, नारायाने फक्त जपानी. हे १९१२ पर्यंत चाललं. म्हणजे निव्वळ धंद्याची वाटणी होती. आणि त्याचा परिणाम आजही डोळ्यांना दिसतो, कारण वीस वर्षं फक्त परदेशी पाहुणे असल्यामुळे परदेशी माणसाला जपान कसं दिसायला पाहिजे त्याचा विचार करून ही वास्तू वाढत गेली, बाहेरून देवळाचं छप्पर आणि आत इंग्लिश खिडक्या.

नाराया २००१ ला बंद पडली. स्टेशनजवळ त्याच नावाचं कॅफे आहे, तिथे पाय गरम पाण्यात सोडून बसता येतं, जाता येता थांबा.

आत्ता जे दिसतं ते ओरिजिनल आहे का सिमेंटमध्ये नवीन बांधलंय?

ओरिजिनल आहे. आणि एक बिल्डिंग नाही, उतारावर वेगवेगळ्या काळात बांधलेल्या इमारती आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर सांगते.

समोर दिसतं ते मेन बिल्डिंग १८९१ चं. प्रवेशदारावर जपानी देवळांना असते तशी मधे फुगीर, दोन्हीकडे उतरत जाणारी कमान, कौलारू छप्पर, लाल कठडे, आणि खिडक्या मात्र वर सरकवायच्या, विलायती. १९०६ चे दोन पांढरे लाकडी बंगले आहेत, त्यांची नावं कम्फी लॉज आणि रेस्टफुल कॉटेज, एकदम विलायती ढंगाचे. १९३० चं मेन डायनिंग रूम. १९३६ चं फ्लॉवर पॅलेस, म्हणजे सगळ्या जाहिरातींत जे डोंगरासमोर राजवाड्यासारखं दिसतं ते. १९६० चं फॉरेस्ट विंग, हे आधुनिक आहे. आणि रस्त्यापलीकडे किक्कासो, १८९५ ला बांधलेला राजघराण्याचा बंगला, तो नंतर हॉटेलकडे आला.

फ्लॉवर पॅलेस आणि डायनिंग रूम ज्याने बांधलं तो सेन्नोसुकेचा जावई, यामागुची शोझो. हा मूळचा निक्कोच्या कानाया हॉटेलवाल्यांचा मुलगा, त्यामुळे हॉटेल त्याच्या रक्तातच होतं. भल्यामोठ्या मिशा होत्या त्याला आणि १९३१ मध्ये त्याने मिशीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय क्लबसुद्धा काढला होता.

१९२३ चा कांतोचा भूकंप झाला, महायुद्धानंतर काही वर्षं अमेरिकन सैन्याने ताब्यात घेतलं, त्या सगळ्यातून ही लाकडी वास्तू उभी राहिली. १९९७ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदणी झाली. मग एप्रिल २०१८ ला भूकंपरोधक कामासाठी पूर्ण बंद ठेवलं आणि १५ जुलै २०२० ला परत उघडलं, म्हणजे दोन वर्षं एक पाहुणा न घेता काम केलं. पाडून नवीन टॉवर उभा करणं केव्हाही स्वस्तात पडलं असतं. त्यांनी ते केलं नाही, आणि आपण देतो त्या भाड्यातला एक भाग या गोष्टीचा आहे असं मी धरून चालते.

मग खोली कुठल्या इमारतीत घ्यायची?

पहिल्यांदा जात असाल आणि जुन्या वास्तूची आवड असेल तर फ्लॉवर पॅलेस. तिथे खोल्यांना नंबरापेक्षा फुलाचं नाव महत्त्वाचं, प्रत्येक खोली एका फुलाची, दारावर ते फूल, खोलीतल्या सजावटीत ते फूल आणि किल्लीलासुद्धा तेच फूल. किल्ली चांगली हातात भरेल एवढी मोठी असते, खिशात मावत नाही. आमच्याकडे किल्ली हरवणारी मंडळी आहेत त्यांच्यासाठी उत्तमच.

मेन बिल्डिंगमधल्या खोल्यांची छतं उंच आहेत, जुनेपणा तिथे सगळ्यात जास्त जाणवतो. बंगल्यांतल्या खोल्या शांत. फॉरेस्ट विंग तुलनेने परवडणारं आणि सोयीचं, पण सगळ्या हॉटेलचं आकर्षण जुन्या इमारतींत आहे आणि आपण राहतोय नव्या इमारतीत, हे ज्यांना खटकेल त्यांनी घेऊ नये. आईबाबा सोबत असतील आणि गुडघ्यांचा प्रश्न असेल तर मात्र बिनदिक्कत फॉरेस्ट विंग घ्या. एकूण खोल्या साधारण १२० आहेत, त्यामुळे हव्या त्या इमारतीतली खोली पाहिजे असेल तर लवकर बघावं लागतं, आणि बुक करताना इमारतीचं नाव नीट वाचा, नुसतं ट्विन रूम बघून पैसे भरू नका.

खोलीतून फुजी दिसतो ना? नावच फुजिया आहे.

नाही दिसत. हॉटेल दरीत आहे, चारी बाजूंनी हिरवे डोंगर आहेत, मधे फुजी येतच नाही. हे आधी माहीत नसलं की लोक पहिल्या मिनिटाला हिरमुसतात आणि मग समोर जे आहे तेही धड बघत नाहीत. फुजी बघायचा तर आशी तलावाच्या काठावरून किंवा ओवाकुदानीच्या रोपवेतून बघा, तोही आकाश स्वच्छ असेल तर. हिवाळ्यात सकाळी शक्यता सगळ्यात जास्त, पावसाळ्याच्या दिवसांत धरून चालू नका.

टोकियोहून कसं जायचं?

दोन रस्ते. शिंजुकूहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार थेट हाकोने-युमोतोला जाते, दीड तासाच्या आत-बाहेर. किंवा टोकियो स्टेशनवरून शिंकानसेनने ओदावारा, पस्तीसेक मिनिटं, आणि तिथून लोकल गाडीने युमोतो. टोकियोत निशी-कासाई भागात बरेच भारतीय राहतात, तिकडच्या आपल्या मंडळींना तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरून टोकियो स्टेशन चालत गाठता येतं, त्यांना हा दुसरा रस्ता बरा पडतो. शिंकानसेन घेताना बघून घ्या, ओदावाराला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, कोदामा थांबते.

जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) ओदावारापर्यंतच चालतो. पुढच्या सगळ्या गाड्या खाजगी कंपन्यांच्या, त्यासाठी हाकोने फ्रीपास मिळतो, दोन दिवसांचा किंवा तीन दिवसांचा, त्यात डोंगरातली ट्रेन, केबल कार, रोपवे, तलावातली बोट, बस असं सगळं येतं. रोमान्सकारचा जादा चार्ज मात्र वेगळा भरावा लागतो.

युमोतोहून वर जाणारी हाकोने तोझान ट्रेन हा स्वतंत्र सोहळा आहे, टॅक्सी करून तो घालवू नका. १९१९ ची लाइन. युमोतो ते गोरा ८.९ किलोमीटर, आणि चढ एवढा की काही ठिकाणी साडेबारा मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते, ती पण दात्यांच्या रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. सरळ चढता येत नाही म्हणून तीन ठिकाणी गाडी थांबते, ड्रायव्हर आणि गार्ड उतरून एकमेकांच्या टोकाला चालत जातात, आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायला लागते. वळणं इतकी अरुंद आहेत की रूळ झिजू नयेत म्हणून काहीतरी ओलं लागतं, पण तेल टाकलं तर चढावर चाकं घसरतील, म्हणून ही गाडी पाण्याची टाकी घेऊन फिरते आणि वळणावर रुळावर पाणी सोडते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत रुळांच्या दोन्ही बाजूंना अजिसाई म्हणजे हायड्रेंजिया फुललेला असतो, फुलं खिडकीला घासतील एवढी जवळ असतात.

मियानोशिता स्टेशनवरून हॉटेल चालत सातेक मिनिटं, जाताना उतार. येताना तोच चढ, हे लक्षात ठेवा.

मोठ्या बॅगा घेऊन चढ-उतार कसा करणार?

करूच नका. युमोतो स्टेशनवर सामान हॉटेलवर पोचवणारी सर्व्हिस आहे, सकाळी बॅग दिली की दुपारी हॉटेलवर. किंवा टोकियोच्या हॉटेलमधूनच ताक्युबिनने, म्हणजे घरपोच सामान पोचवणाऱ्या कुरियरने, एक दिवस आधी पाठवून द्या, जपानमध्ये हे इतकं भरवशाचं आहे की एकदा केलं की परत कोणी बॅग ओढत नाही.

ओन्सेन म्हणजे सगळ्यांसमोर कपडे काढायचे का? आम्हाला ते जमणार नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारताना लोक संकोचतात, संकोचायचं काही कारण नाही. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरचं स्नानगृह, आणि जपानी सार्वजनिक ओन्सेनमध्ये कपडे न घालताच उतरतात, बायकांचं वेगळं पुरुषांचं वेगळं, आणि तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. पण ज्यांना नको वाटतं त्यांना नको वाटतं, त्यात चूक काहीच नाही.

फुजियाची खासियत अशी की प्रत्येक खोलीच्या बाथरूममध्ये झऱ्याचं खरं गरम पाणी येतं. दार लावा, टब भरा, हवा तेवढा वेळ पडून राहा. आपल्या लोकांसाठी याहून चांगली सोय नाही, आजीसुद्धा आनंदाने करेल. आधी अंग साबणाने स्वच्छ धुवून मग टबात, टबात साबण नाही, ही तिथली पद्धत खोलीतही पाळली तर पाण्याची मजा येते. एका दमात पंधरावीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, ब्लड प्रेशरवाल्यांनी तर दहाच, आणि उठताना सावकाश. रात्री झोपायच्या आधी एकदा आणि सकाळी नाश्त्याच्या आधी एकदा, असं दोनदा झालंच पाहिजे.

आम्ही प्युअर व्हेज आहोत. उपाशी राहायची वेळ येईल का?

आधी कळवलंत तर नाही, न कळवता गेलात तर येऊ शकते. जपानमध्ये अडचण मांसाची नसते, अडचण दाशीची असते. दाशी म्हणजे सुक्या माशाच्या किसापासून आणि समुद्री शेवाळापासून काढलेलं पाणी, ते सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये, सगळीकडे असतं, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने ती डिश व्हेजच असते. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन लिहून चालत नाही. बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा, मांस नको, मासा नको, माशाचं दाशी नको, मांसाचं सूप किंवा चरबी नको, अंडं चालतं की नाही, दूध चालतं. फ्रेंच जेवणात गोम लपलेली असते ती मांसाच्या स्टॉकमध्ये, हेही लिहा. पोचायच्या काही दिवस आधी परत एकदा मेल करून खात्री करून घ्या. जैन जेवणाचं कांदा-लसूण-बटाटा असं एकेक नाव लिहून द्या, जैन या शब्दावरून तिथे कोणाला अंदाज येणार नाही.

तोंडी सांगायचं तर एक वाक्य पाठ करा, "निकु तो साकाना वा ताबेमासेन", म्हणजे मांस आणि मासे खात नाही. जोडीला "दाशी मो" म्हटलं की दाशीपण आलं.

नाश्त्याला ब्रेड, फळं, अंडी असं काही ना काही जमतंच. डबा म्हणून थेपले, चिवडा, इन्स्टंट उपमा खोलीत ठेवायला हरकत नाही, डायनिंग रूममध्ये मात्र स्वतःचं काढू नका.

आणि नॉनव्हेज खाणाऱ्यांनी काय खावं?

करी. जपानी लोक इथल्या करीसाठी लांबून येतात. आपल्याला वाटतं करी काय आपल्याकडे कमी आहे का, पण ही वेगळी वस्तू आहे, करी ब्रिटिशांकडून फिरत फिरत जपानला पोचली आणि तिथे तिने स्वतःचं घर केलं. इथे ती फ्रेंच पद्धतीचा स्टॉक काढून केलेली असते, दाट, गुळगुळीत, तिखट जवळजवळ नाही, सोबत भात आणि छोट्या वाट्यांमध्ये लोणच्याचे प्रकार. बीफ चालत नसेल तर आधी विचारून घ्या, कारण नुसती भाजी दिसली तरी रस्सा मांसाचाच असतो.

हॉटेलची पिको नावाची बेकरी आहे, तिथला करी पाव आणि अ‍ॅपल पाय प्रसिद्ध. करी पावात मांस असतं, व्हेजवाल्यांनी अ‍ॅपल पायकडे वळावं.

जेवण मेन डायनिंग रूममध्ये घ्या, निदान एक वेळचं, आणि खुर्चीत बसल्यावर आधी वर बघा. छत चौकोनांमध्ये विभागलेलं आहे आणि प्रत्येक चौकोनात डोंगरात उगवणारी वेगळी वनस्पती रंगवलेली, एकूण ६३६. मेनूकार्ड यायच्या आधीच मान दुखायला लागते. मग खाली बघा, खांबांच्या पायाशी. तिथे राक्षसासारखा डोळे वटारलेला चेहरा कोरलाय, तो म्हणे यामागुची शोझोचाच, नोकरमंडळी काम नीट करतात का नाही यावर तिथून नजर ठेवायला. वेटर रोज त्या चेहऱ्यासमोरून ताटं घेऊन जातात.

कोण कोण राहून गेलंय?

यादी मोठी आहे. १८९३ मध्ये ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड येऊन गेला, ज्याच्या खुनावरून पुढे १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं तोच. बेसिल हॉल चेंबरलेन हे जपानचे मोठे इंग्रज अभ्यासक वर्षानुवर्षं इथे येऊन राहायचे, त्यांची पुस्तकंच इथे असायची. चार्ली चॅप्लिन १९३२ ला. जॉन लेनन १९७८ ला योको ओनो आणि छोट्या मुलाला घेऊन.

पण मला सगळ्यात आवडते ती हेलन केलर यांची गोष्ट. १९३७ ला त्या आल्या तेव्हा हॉटेलमध्ये लांब शेपटीचा जपानी कोंबडा होता, त्याला त्यांनी हात लावून, कुरवाळून बघितलं. युद्धानंतर १९४८ ला परत आल्या, तोवर तो कोंबडा राहिला नव्हता. हॉटेलात सांगतात ते असं की त्यांना हाताने बघता यावा म्हणून लाकडात कोरलेला कोंबडा होता, त्याच्यावरून त्यांनी बोटं फिरवली. फ्रंट डेस्कपाशी खांबावर ते कोरीवकाम आहे, शेपटी खालपर्यंत उतरत आलेली. चेकइन करताना सगळे पासपोर्ट शोधत असतात आणि ते बघायचं राहून जातं.

हॉटेलमध्ये छोटं म्युझियमही आहे, जुने फोटो, जुन्या वस्तू, पाहुण्यांच्या आठवणी. तासभर सहज जातो.

राहणं परवडत नाही. नुसतं बघायला जाता येतं का?

येतं, आणि अगदी बिनधास्त जा. दुपारचं जेवण किंवा लाउंजमध्ये चहा-केक घेतला की मेन बिल्डिंग, बाग हे सगळं बघून होतं. लाउंजच्या खिडकीतून बागेतलं तळं दिसतं. शनिवार-रविवारी दुपारी रांग असते, मधल्या वारी जा. खोल्यांच्या मजल्यांवर मात्र फिरू नका.

खरं सांगायचं तर बजेट ताणून, कुरकुरत एक रात्र राहण्यापेक्षा निवांत दोन तासांचं जेवण जास्त आनंद देतं. युमोतोला किंवा गोराला साध्या ठिकाणी राहा आणि जेवायला इथे या.

लहान मुलं चालतात का?

चालतात. गरम पाण्याचा इनडोअर स्विमिंग पूल आहे, मुलं तिथेच रमतात. पण लाकडी जमिनी वाजतात, जिने बरेच आहेत, इमारती उतारावर असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाताना वरखाली करावं लागतं. बाबागाडीपेक्षा कडेवर घेणं सोपं. रात्रीच्या डायनिंग रूमला वयाची अट आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

कपडे काय घालावेत, टिप किती द्यावी?

टिप नाही. सर्व्हिस चार्ज बिलात असतो, वेगळे पैसे ठेवलेत तर मागे धावत येऊन परत देतील. कपड्यांचं म्हणाल तर हे रयोकान म्हणजे जपानी पद्धतीची सराई नव्हे, युकाता (सुती किमोनो) आणि स्लिपर घालून जेवायला जायचं नाही. रात्री मेन डायनिंग रूमला जरा नीटनेटके कपडे, साडी किंवा कुर्ता एकदम शोभून दिसतो त्या छताखाली.

कधी जावं?

नोव्हेंबरचा मधला भाग पानांच्या रंगांसाठी, जून-जुलै फुलांसाठी (पाऊस असतो, पण धुक्यात हे हॉटेल फारच सुंदर दिसतं), जानेवारी-फेब्रुवारी गरम पाण्यासाठी. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची गोल्डन वीक (लागोपाठच्या सुट्ट्या), ऑगस्टमधला ओबोन (पूर्वजांचा सण) आणि नाताळ-न्यू इयर टाळा. अपवाद एकच, २ आणि ३ जानेवारीला हाकोने एकिदेन होते, विद्यापीठांच्या मुलांची टोकियो ते आशी तलाव आणि परत अशी रिले शर्यत, अख्खा जपान टीव्हीसमोर बसलेला असतो, आणि ती मुलं हॉटेलच्या दारावरून हा डोंगर धावत चढतात. ते प्रत्यक्ष बघणं काही वेगळंच, पण त्या रात्रींच्या खोल्या नुसत्या पैशांवर मिळत नाहीत, नशीबही लागतं. रस्तेही बंद असतात.

एक रात्र पुरते का? आजूबाजूला काय बघायचं?

एक रात्र पुरते, दोन असतील तर उत्तम. एक रात्र असेल तर असं करा, सकाळी लवकर युमोतोला पोचा, बॅग देऊन टाका, ट्रेनने गोरा, केबल कार आणि रोपवेने ओवाकुदानी, तिथे डोंगरातून गंधकाचा धूर निघतो आणि त्या पाण्यात उकडलेली काळ्या कवचाची अंडी मिळतात, एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. मग मागे फिरा आणि तीनपर्यंत हॉटेलवर या. तलाव, हाकोने देऊळ, १६१९ ची जुनी तपासणी चौकी हे सगळं दुसऱ्या दिवशी चेकआउट करून. पहिल्याच दिवशी सगळा गोल फेरा मारायला गेलात तर संध्याकाळ होते, अंधारात हॉटेल येतं आणि मग बाग नाही, म्युझियम नाही, काहीच नाही. ओवाकुदानी जिवंत ज्वालामुखी आहे, वायू वाढला की रोपवे बंद ठेवतात, २०१५ मध्ये तर बरेच महिने परिसर बंद होता, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी चेक करा.

निक्कोचं कानाया, कारुइझावाचं मांपेई आणि हे, तिघांतलं कुठलं?

तिन्ही डोंगरातली जुनी हॉटेलं. कानाया सगळ्यात आधीचं, १८७३ चं, साधं आणि थोडं गंभीर, तोशोगूचं देऊळ बघायचंच असेल तर तिथे राहणं सोयीचं. मांपेई १८९४ चं, कारुइझावाच्या झाडीत, शांत, आणि तिथे आपल्या लोकांना एक ओढ असते, कारण रवींद्रनाथ टागोर १९१६ मध्ये कारुइझावाला आले होते आणि उसुई खिंडीजवळ त्यांचा पुतळा आहे. पण गरम पाणी, जेवण, कोरीवकाम, बाग, इतिहास सगळं एका आवारात पाहिजे असेल तर फुजियाच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा फुजिया.

बुकिंग कसं करावं, रेट कसा बघावा?

रेट वारानुसार आणि इमारतीनुसार बदलतो, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त, सोमवार ते गुरुवार खूपच बरा. जपानी साइटवर रेट बऱ्याचदा माणशी असतो, खोलीचा नाही, आणि कधी दोन वेळचं जेवण धरून असतो कधी नाही, तुलना करताना हे न बघितल्यामुळे लोक उगाच घाबरतात नाहीतर उगाच खूश होतात. ओन्सेनचा टॅक्स वेगळा लागतो, किरकोळ असतो. व्हेज असाल तर पहिल्या वेळी जेवणासकट प्लॅन घेऊ नका, आधी मेल करून काय मिळेल ते विचारा, उत्तर व्यवस्थित येतं, मग जेवण जोडा. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून बुक केलं की इमारत निवडायला आणि अशा विनंत्या लिहायला सोपं जातं. आणि पोचायची वेळ दुपारी तीन लिहा, खरंच तीनला पोचा.